दुसरीच्या नावाचे फोन

आत्यानं पंचाहत्तरी ओलांडल्यावर स्वतःचा पहिला मोबाइल घेतला आणि त्यावर आलेला पहिलाच फोन दुसऱ्या बाईसाठी होता.

तोवर तिच्याकडे लँडलाइन होती. लालबागची आमची चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहिला, चाळीतल्या माणसांना मागच्या बाजूच्या इमारतीत घरं मिळाली आणि त्या हलवाहलवीत तिचा तो फोन बंद पडला तो पडलाच. ती एकटी राहते, मी माहीमला. मधे कधी चक्कर आली, पडली, तर कळणार कसं, या काळजीनं मी तिला दादरला नेलं आणि मोबाइल घेऊन दिला. दुकानदारानं सिमकार्डाचे चार-पाच नंबर पुढे ठेवले. आत्यानं लक्षात ठेवायला सोपा वाटला तो उचलला. तो आधी कुणाचा तरी असू शकतो, हे आमच्या दोघींच्या डोक्यातही आलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिनं नर्स म्हणून उभी हयात काढली. लग्न केलं नाही. माझी आई पोळी-भाजी केंद्रात जायची, वडील मिलमध्ये, म्हणून लहानपणी माझ्याकडे बघायचं काम आत्याकडे असायचं. ड्यूटीवरून आली की चपला काढायच्या आधी माझ्या कपाळाला हात लावून बघायची. मला ताप असो वा नसो. मी आज दादरच्या एका शाळेत मराठी शिकवते, मुलगा कॉलेजात आहे, तरी ती अजून तसाच हात लावते. माझ्याशी मालवणीत बोलते, बाहेरच्यांशी हॉस्पिटलातल्या मराठीत.

फोन घेतला त्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "अगो, एक बाई सारखी फोन करता. माका शोधणा नाय, दुसऱ्याच कोणाक तरी शोधता."

मी म्हटलं, "राँग नंबर असेल. उचलू नको."

"असा कसा? कोणाचा तरी काम असात."

ते काम काय, ते हळूहळू कळलं. फोन करणारी मुलगी एक नाव घ्यायची आणि विचारायची, मॅडम, पेमेंट कधी करताय. ते नाव मी इथे लिहीत नाही. आत्या त्या बाईला 'नंबरवाली' म्हणायची, तेच मीही म्हणते. या नंबरवालीनं मोबाइलवरच्या कुठल्याशा अॅपमधून कर्ज घेतलं होतं, हप्ते थकले होते आणि तिच्या कागदांवर जो नंबर होता तो आता आत्याच्या हातात होता.

आत्या त्या मुलीला शांतपणे सांगायची, "बाळा, मी ती नव्हे. मी म्हातारी बाई आहे, हा नंबर मी आत्ता घेतलाय." मुलगी म्हणायची, "ठीक आहे आजी, मी नोट करते." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. चार-पाच वेळा असं झाल्यावर आत्यानं तिला विचारलं, "तू रोज नोट करतेस, मग पुन्हा का फोन करतेस?" ती म्हणाली, "आजी, नोट केलं तरी लिस्टमध्ये नंबर येतोच. आम्हाला लावावाच लागतो."

त्यांच्या दोघींचं काय काय बोलणं व्हायचं ते मला नंतर कळलं. एकदा त्या मुलीचा आवाज बसलेला होता, म्हणून आत्यानं तिला कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला सांगितल्या. एकदा तिनंच विचारलं, माझ्या मुलीला दोन दिवस ताप आहे, तुम्ही नर्स होतात ना, काय करू. आत्यानं तिला नीट प्रश्न विचारले, अंगावर पुरळ आहे का, पाणी पिते का, आणि म्हणाली, आज डॉक्टरला दाखव, टाळू नको. हे ऐकून मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "आत्या, ती वसुलीवाली आहे."

"वसुलीवाल्यांच्या पोरांक ताप येणा नाय?"

मग त्या मुलीचे फोन बंद झाले आणि पुरुषांचे यायला लागले. ते काही ऐकूनच घ्यायचे नाहीत. "नाटक मत कर" असं एकानं आत्याला सुनावलं. एकानं सकाळी ती देवाला फुलं घालत असताना फोन करून असे शब्द वापरले, की तिनं ते मला सांगितलेच नाहीत. नुसती म्हणाली, "वॉर्डात दारू पिऊन येणारे पण असा बोलणा नाय."

मी चिडले. म्हटलं, "आजच सिम बदलू. दुसरा नंबर घे, विषय संपला."

आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी सोडलंय तर ह्यो नंबर जातलो कोणाक?"

"जाईल कुणाला तरी. आपल्याला काय?"

"तो कोणतरी एवढा ऐकून घेतलो? माझा काय जाता. मी ऐकलेला हा आयुष्यभर."

तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मी फोनची रिंग बारीक करून दिली आणि घरी आले.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले, तेव्हा ती खिडकीशी बसली होती. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा बघ काय पाठवल्यानी."

व्हॉट्सअॅपवर एक फोटो होता. तिशीतल्या एका बाईचा, ओळखपत्रावर असतो तसा. केस मागे बांधलेले, कपाळ मोठं, फोटोसाठी मुद्दाम सरळ धरलेली मान. त्याच्यावर लाल अक्षरांत 'चोर' लिहिलं होतं आणि खाली आणखी एक शब्द. त्याखाली हिंदीत मजकूर होता, की हा फोटो तुझ्या फोनमधल्या सगळ्या लोकांना पाठवला आहे, अजून वेळ आहे, पैसे भर. त्यांच्या दृष्टीनं हा नंबर अजून तिचाच होता. तिला घाबरवायला पाठवलेला फोटो आत्याच्या हातात पडला होता.

"हिच्या आवशीन बघितला असतला काय हा?" आत्यानं विचारलं. आवस म्हणजे आई.

मी फोटो काढून टाकायला बोट पुढे केलं, तर तिनं फोन ओढून घेतला. "काढू नको. ऱ्हवांदे. उद्या कोणी विचारल्यान तर दाखवूक लागतला."

मला तोवर हे सगळं एका भलत्याच फोनची कटकट वाटत होतं. त्या दिवशी नंबरवालीला चेहरा मिळाला. रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "दादरला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवारी ग्राहकांना सल्ला देतात. फुकट. आमच्या ऑफिसातल्या एकाचं काम तिथं झालं होतं."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी आत्याला घेऊन तिथं गेले. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि पंखा. टेबलामागे शिवाजी पार्कला राहणारे एक गृहस्थ बसले होते, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, पायात सकाळच्या फिरण्याचे बूट. त्यांनी आत्याचं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकलं, फोटो बघितला, चष्मा काढून पुसला.

"तुमचं स्वतःचं कर्ज नाही ना? मग सोपं आहे," ते म्हणाले. "ज्यानं कर्ज घेतलं नाही त्याला वसुलीसाठी फोन करता येत नाही. आपण कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहू, की हा नंबर आता तुमचा आहे, काढून टाका. कंपनीचं नाव माहीत आहे?"

आत्याला माहीत होतं. आधी फोन करायची त्या मुलीनंच, जिच्या लेकीला ताप होता तिनं, एकदा हळू आवाजात सांगितलं होतं, की आजी, आम्हाला सांगून काही होत नाही, आम्ही नुसती एजन्सी, तुम्ही कंपनीला लिहा. आत्यानं ते नाव फोनमध्ये माझ्याकडून घालून घेतलं होतं.

गृहस्थांनी लिहायला घेतलं. आत्या म्हणाली, "माझा नंबर काढतील. पण हिच्या मागे लागतीलच ना?"

"हो. तिनं कर्ज घेतलंय."

"मग असा फोटो लावायचा? असं चालतं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही चालत. कर्ज घेतलं म्हणून माणूस त्यांच्या मालकीचा होत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, नोकरीच्या ठिकाणी सांगून बदनामी करायची नाही. फोनमधली लोकांची नावं तर अॅपला बघायचाच हक्क नाही. आणि एजन्सीनं काही केलं तर आम्ही नव्हे ती एजन्सी, असं कंपनीला म्हणता येत नाही. जबाबदारी कंपनीचीच."

"तर मग हेही लिहा," आत्या म्हणाली.

"तिच्या वतीनं तुम्हाला नाही लिहिता येणार. तिनं यायला पाहिजे."

"ती कुठे आहे ते कुणाला ठाऊक?"

"मग वाट बघावी लागेल," ते म्हणाले आणि आत्याच्या नावाचं पत्र पूर्ण केलं. पण पत्र वाचून दाखवल्यावर आत्यानं ते पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, इतक्यात पाठवू नको. नंबर काढला आणि त्या पोरीनं कधी या नंबरावर फोन केला, तर तिच्यासाठी काय काय निरोप आलेत ते मी तिला कसं सांगू? मी समजावलं, की कंपनीच्या यादीतून नंबर काढला तरी तिला फोन करता येईल. तेव्हा कुठे तिनं पत्र पाठवू दिलं.

फोन कमी झाले, बंद झाले नाहीत. आणि एका दुपारी खरंच तिचा फोन आला.

हे मी आत्याकडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की मी तिथं होते असंच मला वाटतं. अनोळखी नंबर. पलीकडे बाईचा आवाज, घाईघाईचा. "मॅडम, सॉरी हां, हा आधी माझा नंबर होता. माझ्या बँकेच्या खात्याला हाच लागलेला आहे. आत्ता तुम्हाला एक ओटीपी येईल, तेवढा सांगाल का प्लीज?"

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे मी आत्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं. ती म्हणाली, "फोनवर नाही सांगणार. पण तू तीच असशील, तर मला तुझ्याशी बोलायचंय. तुझे खूप फोन येतात इथे."

लगेच फोन कट.

आत्याला चैन पडेना. संध्याकाळी मला म्हणाली, "भियाली ती. माझा चुकला. फोनांचा बोलूक नको होता." ती बाई का घाबरली ते मलाही समजत होतं. वसुलीवालेच म्हातारीचा आवाज काढून बोलत असतील, असं तिला वाटलं असणार. आणि मला वाटत होतं, की हीच कशावरून ठग नसेल. आत्याला ठगाची भीती वाटत नव्हती, तिला एवढंच वाटत होतं, की पोरगी आता परत फोन करणार नाही.

काही दिवस गेले आणि तिचा पुन्हा फोन आला. या वेळी आत्यानं आधी स्वतःची ओळख दिली. मी अमुक हॉस्पिटलात सिस्टर होते, अमुक वॉर्डात, आता लालबागला राहते. मग म्हणाली, "तुला माझ्या घरी यायला नको वाटत असेल तर येऊ नको. शिवाजी पार्कला कट्ट्यावर ये. दिवसाउजेडी, माणसांत. मी माझ्या भाचीला घेऊन येते. मला बघ, नाही पटलं तर निघून जा."

मग तिनं विचारलं, "तुम्ही त्या हॉस्पिटलात होतात? माझा जन्म तिथलाच आहे."

"मग मीच तुला पहिल्यांदा पुसली असेन," आत्या म्हणाली. ती प्रसूतीच्या वॉर्डात कधीच नव्हती. पण ती बाई हसली आणि येते म्हणाली.

शनिवारी मी शाळेत रजा टाकली आणि सकाळी आम्ही दोघी कट्ट्यावर जाऊन बसलो. मैदानात नेटमध्ये मुलं खेळत होती, बाकी गर्दी फिरणाऱ्यांची. ती आली तेव्हा मी ओळखलं नाही. तोंडाला मास्क, खांद्याला कापडी पिशवी, आम्हाला लांबून बघत ती दोनदा पुढे जाऊन मागे आली. आत्यानं मात्र हात वर केला आणि बाजूला जागा करून दिली.

ती बसली. मास्क खाली घेतला. "तुम्ही मला कसं ओळखलंत?" तिनं विचारलं.

मला वाटलं, आत्या काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. ती म्हणाली, "त्यांनी तुझा फोटो माझ्या फोनवर पाठवला. मी बघितला. ह्या भाचीनं आणि सल्ला देणाऱ्या एका साहेबांनी बघितला. आणखी कुणाला मी दाखवला नाही."

त्या बाईचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघू लागले. ती उठायलाच निघाली होती. आत्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघतात तसा. "बस. मी हॉस्पिटलात माणसं ह्याच्यापेक्षा वाईट अवस्थेत बघितलीत. कपडे नसलेली, शुद्ध नसलेली. सिस्टरपुढे लाजायचं नसतं. पाणी पी."

ती पाणी प्यायली आणि मग रडली. आत्यानं हात काढला नाही. बाजूनं फिरणारी माणसं जात होती. कुणीतरी थांबून विचारलं, बरं नाही का, तर आत्यानं मानेनंच नाही म्हटलं.

मग तिनं आपली हकिकत सांगितली. वरळीच्या बीडीडी चाळीत ती वाढली, आता आईबरोबर तिथंच जवळ राहते. डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. फावल्या वेळात साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, त्यासाठी चांगलं मशीन घ्यायचं म्हणून अॅपवरून कर्ज घेतलं. हातात आले त्यापेक्षा फेडायचे कितीतरी जास्त निघाले. एक हप्ता चुकला, तो भरायला दुसऱ्या अॅपवरून घेतलं. मग फोन सुरू झाले. तिला, मग आईला, मामाला, मैत्रिणींना. शेवटी दवाखान्यात. डॉक्टरांच्या मोबाइलवर तो फोटो गेला. डॉक्टर काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की काही दिवस घरी राहा, इथे पेशंट असतात. ती परत गेलीच नाही. सिम काढून गटारात टाकलं.

"बँकेत जाऊन नंबर बदलून का नाही घेतलास?" मी विचारलं.

"बँकेत गेले की तिथंच पोलीस बोलावून धरतील असं वाटलं."

तिथून आम्ही तिघी त्या खोलीत गेलो. गृहस्थ आत्याला बघून म्हणाले, "आणलीत शेवटी." त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की हप्ता थकला म्हणून कुणी कुणाला धरून नेत नाही, फसवणुकीचा इरादा नसेल तर तो पोलिसांचा मामला नव्हे. ते वाक्य ऐकून तिचे खांदे खाली आले, ते मी पाहिलं. ओटीपीचं काम त्यांनी चुटकीसरशी मोकळं केलं. आधारकार्ड घेऊन बँकेत जा, अर्ज द्या, नंबर बदलून मिळेल.

मग त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं, "हे बघा, तक्रार केली म्हणजे कर्ज माफ होत नाही. घेतलेलं फेडायचं आहे."

"मला फेडायचंच आहे," ती म्हणाली. "मी कुठे नाही म्हटलं? मला कुणी शांतपणे विचारलंच नाही, की तू महिन्याला किती देऊ शकतेस."

तक्रार लिहिताना त्यांनी तिला विचारलं, की तुमची मागणी काय लिहू. जादा लावलेले पैसे कमी करा, हप्ते बांधून द्या, हे तर लिहितोच. आणखी काही? भरपाई?

तिनं मान हलवली. "पैसे नकोत. त्यांनी माझ्या डॉक्टरांना लिहून कळवावं, की मी चोर नाही. ज्यांना ज्यांना फोटो पाठवला, त्यांना पण. असं लिहिता येतं का?"

"इतकी वर्षं इथे बसतोय, अशी मागणी कुणी लिहायला सांगितली नव्हती," ते म्हणाले. "लिहून बघू."

आत्याच्या फोनमधला तो फोटो, आलेल्या फोनांच्या वेळा, सगळं जोडलं. आत्यानं स्वतःचंही निवेदन दिलं, की मला या नंबरावर असं असं बोललं गेलं. त्यात ते सकाळचे शब्द लिहावे लागणार होते. मला बाहेर जायला सांगून तिनं ते त्यांना सांगितले. फोटोची वेगळी तक्रार पोलिसांच्या सायबर विभागात दिली, तिथंही आम्ही तिघी गेलो.

कंपनीचं पहिलं उत्तर छापील होतं. तुमच्या गैरसोयीबद्दल खेद आहे, आम्ही नियमांचं पालन करतो. ते वाचून नंबरवाली म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" गृहस्थ मात्र खूश दिसले. "हे उत्तर हवंच होतं. आता लोकपालाकडे जाता येईल." बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, म्हणजे लोकपाल, त्याच्याकडे ऑनलाइन अर्ज करतात, फी नसते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर वाट बघण्याचा काळ होता आणि त्याच काळात ती आत्याकडे यायला लागली. आधी कागदासाठी, सहीसाठी. मग आत्याच्या साड्या घेऊन गेली आणि फॉल लावून आणल्या. आत्या तिला पैसे द्यायला लागली, तर ती घेईना. आत्या म्हणाली, "कर्ज फेडायचंय ना? मग फुकट काम करायचं नाही. माझ्याकडे पण नाही." तेव्हापासून ती घेते, आणि आत्या इमारतीतल्या बायकांच्या साड्या गोळा करून ठेवते. गौरीच्या आधी तर आत्याच्या खाटेवर बसायला जागा नव्हती.

एकदा मी अचानक गेले, तर दोघी जमिनीवर बसून सोलकढी पीत होत्या आणि आत्या तिला पूर्वीच्या हॉस्पिटलातल्या गोष्टी सांगत होती. त्या मी शंभरदा ऐकल्या होत्या. ती पहिल्यांदा ऐकत होती. मला क्षणभर कसंसंच झालं, लहानपणी आत्या शेजारच्या मुलीच्या कपाळाला हात लावायची तेव्हा व्हायचं तसं. मग मीही एक पेला घेऊन बसले.

लोकपालाकडे अर्ज गेल्यावर कंपनीचा सूर बदलला. एक माणूस तिच्याशी फोनवर बोलला, दुपारी, अहो-जाहो करत. आधी आजीला त्रास झाल्याबद्दल माफी मागितली, मग तिची. करारात नसलेले दंड त्यांनी काढून टाकले, उरलेल्या रकमेचे तिला झेपतील असे हप्ते बांधून दिले, ती एजन्सी काढून टाकल्याचं लिहून दिलं. दुसऱ्या अॅपचं मात्र काही झालं नाही. ते अॅप चालवणारे कुठे आहेत तेच सापडलं नाही. फोटो बनवणाराही अजून सापडलेला नाही. ती मधून मधून पोलिसांकडे विचारून येते.

आणि पत्राचं म्हणाल तर, फोनमधल्या सगळ्या लोकांना कंपनीनं कळवलं नाही. आमच्याकडे तशी यादीच नाही असं म्हणाले. नऊ-दहा जणांची नावं तिनं दिली होती, त्यातल्या काहींना दोन ओळींचा संदेश गेला. तिच्या मामानं तो वाचून तिला फोन केला नाही, अजून केलेला नाही. पण डॉक्टरांना कंपनीच्या कागदावर पत्र गेलं. त्यात 'चोर नाही' असे शब्द नव्हते. आमच्या वतीने वसुलीसाठी आपल्याशी करण्यात आलेला संपर्क आणि पाठवलेलं छायाचित्र नियमबाह्य होतं, संबंधित महिलेच्या प्रतिष्ठेला त्यामुळे झालेल्या हानीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, असं काहीसं होतं.

डॉक्टरांनी तिला फोन करून बोलावलं. ती एकटी जायला तयार होईना. आत्या म्हणाली, मी येते, नाहीतरी माझा मोतीबिंदू दाखवायचाच आहे. मी शाळेतून परस्पर तिथं पोचले, तोवर दोघी आत गेल्या होत्या. बाहेर बसून मी काचेतून बघत होते. डॉक्टर उभे राहून बोलत होते, हात पुढे बांधून. ती खुर्चीत सरळ बसली होती, मान ताठ. आत्या मधेच काहीतरी म्हणाली आणि तिघंही हसले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"परत ये म्हणाले. सॉरी पण म्हणाले," नंबरवाली म्हणाली. "मी सांगितलं, सकाळची अर्धा दिवस येते. दुपारी मला माझं काम असतं."

"आणि तू काय म्हणालीस आत?" मी आत्याला विचारलं.

"मी म्हटला, डाक्टर, आता माझो डोळो बघा. इतको वेळ उभे ऱ्हवलात, पाय दुखतले."

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. मला परीक्षेच्या ड्यूटीमुळे दुपारपर्यंत सुटी मिळाली नाही, म्हणून सकाळी आत्याला घेऊन नंबरवालीच गेली. मी पोचले तेव्हा आत्या डोळ्यावर पट्टी लावून पडली होती आणि नंबरवाली त्या दिवशी दुपारीही थांबून, काउंटरवरची कामं उरकत दर थोड्या वेळानं येऊन तिला हवं-नको बघत होती. खोलीतल्या दुसऱ्या पेशंटनं मला विचारलं, "ही तुमची बहीण का?"

मी उत्तर द्यायच्या आधी आत्या पट्टीखालून म्हणाली, "हो. धाकटी."